मतपेटीतून आलेले न्यायाधीश

1846 सालच्या जून महिन्यात न्यूयॉर्क राज्याची नवी घटना तयार करण्यासाठी आल्बनी या राजधानीच्या गावी लोकप्रतिनिधींची परिषद भरली, आणि चार महिन्यांच्या वादविवादानंतर तिने जो मसुदा मतदारांपुढे ठेवला, त्यात पुढे अर्ध्याहून अधिक अमेरिकेने उचललेले एक कलम होते. राज्यातील न्यायाधीश यापुढे गव्हर्नराने नेमावयाचे नाहीत, लोकांनी मते देऊन ठराविक मुदतीसाठी निवडावयाचे, असे ते कलम सांगत होते. त्याचा पुरस्कार करणारे न्यायसंस्थेचे वैरी नव्हते. त्यांतील पुष्कळसे नाणावलेले वकील होते, आणि न्यायाधीशाने सत्ताधाऱ्यांपुढे ताठ मानेने उभे राहावे याच हेतूने त्यांनी हा मार्ग पत्करला होता. त्या हेतूचे पुढे काय झाले, त्याची ही हकिकत आहे.

इंग्लंडच्या राजाशी अमेरिकन वसाहतींचे बिनसले त्याच्या कारणांत न्यायाधीशांचा प्रश्न लहानसहान नव्हता. खुद्द इंग्लंडातील न्यायाधीशांना 1701 च्या कायद्याने सद्वर्तन असेतोपर्यंत पदाची हमी मिळाली होती. वसाहतींतील न्यायाधीशांची मुदत आणि त्यांचा तनखा मात्र राजाने आपल्याच मर्जीवर ठेवला, ही तक्रार 1776 च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात नमूद आहे. म्हणून मॅसॅच्युसेट्सची 1780 ची घटना लिहिताना जॉन ॲडम्स यांनी, आणि 1787 ची संघराज्याची घटना रचताना तिच्या कर्त्यांनी, न्यायाधीशाला सद्वर्तन असेतोपर्यंत पदावर ठेवण्याचे तत्त्व स्वीकारले. राजा तर गेला. परंतु घटकराज्यांत न्यायाधीश नेमण्याचा अधिकार गव्हर्नर व विधिमंडळ यांच्याकडे आला, आणि जसजसे राजकीय पक्ष संघटित होत गेले तसतसे न्यायासन हे पक्षकार्याचे बक्षीस होऊ लागले.

1829 मध्ये अँड्र्यू जॅक्सन अध्यक्ष झाले तेव्हा सामान्य माणसाच्या हाती सत्ता देण्याची भाषा देशभर घुमत होती, आणि 1832 मध्ये मिसिसिपी राज्याने आपले सर्व न्यायाधीश निवडणुकीने घेण्याचा पहिला प्रयोग केला. तरीही पुढची काही वर्षे त्याचे अनुकरण फारसे झाले नाही. वारे फिरले ते 1837 च्या आर्थिक मंदीने. 1825 मध्ये पुरा झालेल्या एरी कालव्याचे यश पाहून अनेक राज्यांनी कालवे, रस्ते आणि लोहमार्ग यांसाठी भरमसाट कर्जे काढली होती. मंदी येताच उत्पन्न आटले, आणि 1841-42 च्या सुमारास कित्येक राज्यांना व्याजाचे हप्तेही चुकवता येईनात. करदात्यांच्या माथी बोजा बसला तेव्हा त्यांनी विचारले की, विधिमंडळाने मक्तेदारांना आणि कंपन्यांना खजिना मोकळा करून दिला, त्या वेळी न्यायाधीश काय करीत होते? ते त्याच पुढाऱ्यांच्या कृपेने खुर्चीवर बसले होते, हे त्याचे उघड उत्तर होते.

न्यूयॉर्कमध्ये या असंतोषाला आणखी एक धार होती. हडसन नदीच्या खोऱ्यात व्हान रेन्सेलिअर यांच्यासारख्या जमीनदार घराण्यांची लाखो एकर जमीन कुळे पिढ्यान् पिढ्या कसत होती, आणि 1839 नंतर थकलेल्या खंडाची वसुली कडक होताच त्या कुळांनी उघड बंड पुकारले. रंगीबेरंगी छिटाचे झगे आणि मुखवटे घालून, इंडियनांचे सोंग घेऊन, ते जप्तीला आलेल्या शेरीफला वाटेतच अडवीत. जमीनदाराच्या पंगतीला बसणारे लोक ज्यांना नेमतात ते न्यायाधीश आपल्याला न्याय देणार नाहीत, अशी त्यांची समजूत होती. आल्बनीच्या परिषदेत कर्जाला लगाम घालू पाहणारे, कुळांचे कैवारी आणि सुधारणावादी वकील हे तिघे एकत्र आले, आणि विधिमंडळाचा कर्जे काढण्याचा मोकळा अधिकार आणि गव्हर्नराचा न्यायाधीश नेमण्याचा अधिकार हे दोन्ही एकाच वेळी काढून घेण्यात आले.

1847 च्या जूनमध्ये न्यूयॉर्कात न्यायाधीशांची पहिली निवडणूक झाली आणि मग राज्यामागून राज्य त्याच वाटेने गेले. 1861 मध्ये यादवी युद्ध पेटले तेव्हा 34 पैकी 24 राज्यांत न्यायाधीश निवडून येत होते. 1846 पासून 1912 पर्यंत संघराज्यात दाखल झालेल्या प्रत्येक नव्या राज्याने हीच पद्धत घेतली. पहिल्या दशकात तिने पुरस्कर्त्यांची अपेक्षाही पुष्कळशी पुरी केली. आपल्यामागे थेट लोकांचा कौल आहे या जाणिवेने हे न्यायाधीश विधिमंडळाचे कायदे रद्द करण्यास पूर्वीच्या मानाने कमी कचरत. न्यूयॉर्कच्या दारूबंदीच्या कायद्याने लोकांच्या आधीपासूनच्या मालमत्तेवर घाला येतो म्हणून तो 1856 मध्ये तेथील वरिष्ठ न्यायालयाने घटनाबाह्य ठरवला, हे त्याचे ठळक उदाहरण.

पण एका साध्या गोष्टीचा विचार परिषदेतील विद्वानांनी पुरेसा केला नव्हता. न्यूयॉर्कसारख्या शहरातील मतदाराला गव्हर्नराच्या उमेदवारांची नावे ठाऊक असत. न्यायाधीशाच्या डझनभर उमेदवारांतील एकाचेही नाव ठाऊक असण्याचे कारण नव्हते. मग तो पक्षाने छापून दिलेली यादी जशीच्या तशी मतपेटीत टाकी. यादीत नाव घालणारा तोच खरा निवडणारा ठरला, आणि न्यूयॉर्क शहरात ही यादी टॅमनी हॉल या डेमोक्रॅटिक पक्षाच्या संघटनेत तयार होत असे. 1860 नंतरच्या दशकात तेथे विल्यम ट्वीड यांचा शब्द प्रमाण होता.

जॉर्ज बर्नार्ड, आल्बर्ट कार्डोझो आणि जॉन मॅकन हे त्यांच्या कृपाछत्राखालील तीन न्यायाधीश. त्यांतील बर्नार्ड हे देखणे, हजरजबाबी आणि बेफिकीर गृहस्थ. न्यायासनावर बसून वकिलांची भाषणे चालू असता हातातल्या चाकूने पाइनच्या काठ्या तासत बसण्याची त्यांची सवय प्रसिद्ध होती. 1868 च्या निवडणुकीआधी परदेशातून आलेल्या लोकांना मताचा अधिकार मिळावा म्हणून शहरातील न्यायालयांनी नागरिकत्वाचे दाखले देण्याचा जणू कारखानाच उघडला. अर्जदारांच्या झुंडी एकदम उभ्या करून शपथ उरकली जाई आणि दाखल्यांवर शिक्का बसे. त्या एका वर्षात शहरात 40,000 हून अधिक लोक असे नागरिक झाले.

त्याच वर्षी एरी रेल्वेच्या मालकीसाठी कॉर्नेलियस व्हँडरबिल्ट एका बाजूला आणि डॅनियल ड्रू, जे गूल्ड व जिम फिस्क दुसऱ्या बाजूला असा जो झगडा पेटला, त्यात निवडून आलेल्या न्यायासनाचे उघडे रूप साऱ्या देशाने पाहिले. न्यूयॉर्कमध्ये 'सुप्रीम कोर्ट' हे मूळ दावे चालणाऱ्या न्यायालयाचे नाव आहे, आणि त्याच्या कोणत्याही एका न्यायाधीशाचा हुकूम राज्यभर चाले. व्हँडरबिल्ट यांनी बर्नार्ड यांच्याकडून मनाईहुकूम मिळवला की, एरीच्या संचालकांनी नवे भाग काढू नयेत; संचालकांनी राज्याच्या दुसऱ्या टोकाच्या न्यायाधीशाकडून त्याच्या उलट हुकूम आणला; आणि हुकमांच्या या गर्दीत भाग छापले गेले आणि विकलेही गेले. बर्नार्ड यांनी अटकेची पावले उचलताच, मार्च 1868 मध्ये संचालक लक्षावधी डॉलर घेऊन हडसन ओलांडून न्यूजर्सीत पळाले, आणि तेथील एका हॉटेलाला त्यांनी किल्ल्यासारखा पहारा बसवला. पुढे तडजोड झाली, ट्वीड स्वतः एरीचे संचालक झाले, आणि काल ज्या गूल्ड-फिस्क यांच्या मागे बर्नार्ड लागले होते त्यांच्याच बाजूचे हुकूम त्यांच्या लेखणीतून उतरू लागले. जॉन ॲडम्स यांचे पणतू चार्ल्स फ्रान्सिस ॲडम्स यांनी 1869 मध्ये या प्रकरणाचा सविस्तर वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्यांच्या स्वतःच्या मॅसॅच्युसेट्स राज्याने न्यायाधीशांची निवडणूक कधीच स्वीकारली नव्हती, आणि आजही स्वीकारलेली नाही.

1870 मध्ये शहरातील प्रतिष्ठित वकिलांनी आपला संघ स्थापन केला तो मुख्यतः या अनाचाराच्या प्रतिकारासाठी. 1871 च्या उन्हाळ्यात 'न्यूयॉर्क टाइम्स'ने ट्वीड मंडळीच्या लुटीचे हिशेब छापले, लोकमत उसळले, आणि सप्टेंबरात नगरपालिकेचा खर्च थांबवणारा मनाईहुकूम ज्यांनी दिला ते न्यायाधीश दुसरे कोणी नव्हते, तर बर्नार्डच होते! वारा कोणीकडून वाहतो हे ओळखण्यात ते पटाईत होते. मात्र या खेपेस फार उशीर झाला होता. 1872 मध्ये कार्डोझो यांनी राजीनामा दिला, मॅकन बडतर्फ झाले, आणि बर्नार्ड यांना महाभियोगाने काढून पुन्हा कोणतेही पद धारण करण्यास अपात्र ठरवण्यात आले. 1 कोटीहून अधिक डॉलर ज्या न्यायालयाच्या इमारतीत ट्वीड मंडळींनी मुरवले होते, त्याच अर्धवट इमारतीत 1873 मध्ये ट्वीड यांच्यावरील खटला चालला, आणि त्यांना शिक्षा ठोठावणारे नोआ डेव्हिस हेही लोकांनीच निवडून दिलेले न्यायाधीश होते.

यानंतरची घटना अधिक विचार करण्यासारखी आहे. न्यायाधीशांची नेमणूक पुन्हा गव्हर्नराकडे द्यावी काय, हा प्रश्न 1873 मध्ये न्यूयॉर्कच्या मतदारांपुढे रीतसर मांडला गेला, आणि एवढे सगळे पाहूनही त्यांनी त्यास बहुमताने नकार दिला. एकदा हाती आलेला हक्क लोक सहसा परत करीत नाहीत. त्याआधीच, 1869 मध्ये, एक निराळी सुधारणा मात्र झाली होती: न्यायाधीशांची मुदत 8 वर्षांवरून 14 वर्षांवर नेण्यात आली. तिचा गाजावाजा झाला नाही. पण याच लांबलेल्या मुदतीच्या काळात, राजीनामा देऊन गेलेल्या कार्डोझो यांचे पुत्र बेंजामिन कार्डोझो 1913 च्या निवडणुकीत पित्याच्याच न्यायालयावर आले, राज्याच्या वरिष्ठ न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश झाले, 1932 मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयावर गेले, आणि अमेरिकेतील थोर न्यायपंडितांत त्यांची गणना झाली. पिता आणि पुत्र दोघेही निवडणुकीतूनच आले होते.

विसाव्या शतकाच्या आरंभी टीकेने जोर धरला. 1906 मध्ये कायदेपंडित रॉस्को पाउंड यांनी वकिलांच्या राष्ट्रीय अधिवेशनात सांगितले की, न्यायालये राजकारणात ओढल्यामुळे न्यायासनाबद्दलचा पूर्वापार आदर जवळजवळ नष्ट झाला आहे. उलट बाजूस लोकसत्तेचा आग्रहही वाढतच होता. ॲरिझोनाने आपल्या घटनेत न्यायाधीशाला मुदतीआधीच मतदानाने परत बोलावण्याची तरतूद घातली, म्हणून अध्यक्ष टॅफ्ट यांनी 1911 मध्ये त्या राज्याच्या प्रवेशाचा ठराव नाकारला. ॲरिझोनाने निमूटपणे कलम वगळले, फेब्रुवारी 1912 मध्ये राज्याचा दर्जा मिळवला, आणि त्याच वर्षी ते कलम मतदानाने पुन्हा घटनेत घातले.

न्यूयॉर्कच्या अनुभवात दोष पुढाऱ्यांच्या माथी मारता येत होता. पुढारी बाजूला सारून लोकांचाच खरा कौल घेतला तर काय होते, हे 1934 मध्ये अलाबामात दिसले. आगगाडीत दोन गोऱ्या स्त्रियांवर बलात्कार केल्याच्या आरोपावरून 1931 मध्ये नऊ कृष्णवर्णीय तरुणांना पकडण्यात आले होते, आणि हे 'स्कॉट्सबरो'चे प्रकरण जगभर गाजत होते. 1933 च्या वसंतात त्यांतील हेवुड पॅटरसन याचा फेरखटला डिकेटर गावी न्यायाधीश जेम्स हॉर्टन यांच्यापुढे चालला. दोघींपैकी एकीने न्यायालयात येऊन आपला आरोप खोटा असल्याचे सांगितले, तरी सर्व गोऱ्या ज्यूरीने मृत्युदंडाचा निर्णय दिला. हॉर्टन यांनी जूनमध्ये साक्षीपुराव्याची एकेक बाजू तपासून, वैद्यकीय पुरावा फिर्यादीच्या हकिकतीशी जुळत नाही असे दाखवून, तो निर्णय रद्द केला आणि पुन्हा खटला चालवण्याचा हुकूम दिला. पुढच्या वर्षी त्यांची मुदत संपत होती. ते पुन्हा उभे राहिले आणि पडले. न्यायाधीश म्हणून त्यांची कारकीर्द तेथेच संपली. येथे लाच नव्हती की टॅमनीची यादी नव्हती. मतदारांनी हॉर्टन यांना नीट ओळखूनच घरी पाठवले होते, आणि त्या राज्यात कृष्णवर्णीयांना जवळजवळ मुळीच मत देऊ दिले जात नव्हते, हे ध्यानात घेतले म्हणजे ज्यांच्या प्राणांचा प्रश्न होता त्यांचा त्या कौलात काही वाटा नव्हता हेही उघड होते.

मधला मार्ग काढण्याचा नामांकित यत्न मिसूरीने केला. कॅन्सस सिटीचे पुढारी टॉम पेंडरगास्ट यांनी 1938 मध्ये आपल्या विरोधात निकाल देणाऱ्या न्यायाधीश जेम्स डग्लस यांना पाडण्याचा प्रयत्न केला, तो फसला, आणि 1939 मध्ये करचुकवेगिरीबद्दल स्वतः पेंडरगास्टच तुरुंगात गेले. 1940 च्या नोव्हेंबरात मतदारांनी नवी योजना मंजूर केली: वकील व नागरिक यांच्या मंडळाने तीन नावे सुचवावी, गव्हर्नराने एक नेमावे, आणि काही काळाने हा न्यायाधीश ठेवावा की नाही एवढाच प्रश्न, प्रतिस्पर्ध्यावाचून, मतदारांना विचारावा. पुष्कळ राज्यांनी हा नमुना पुढे या ना त्या स्वरूपात घेतला. परंतु प्रतिस्पर्धी नसला म्हणून मोहीम थांबत नाही. कॅलिफोर्नियात अशाच ठेवा-काढा मतदानात 1986 च्या नोव्हेंबरात मुख्य न्यायाधीश रोझ बर्ड आणि त्यांचे दोन सहकारी पराभूत झाले. बर्ड यांनी आपल्यापुढे आलेल्या 61 मृत्युदंडांपैकी एकही कायम करण्याच्या बाजूने मत दिले नव्हते, हाच प्रचाराचा मुख्य मुद्दा होता.

दूरचित्रवाणीच्या काळात प्रचार महाग झाला आणि पैसा हा नवा धनी पुढे आला. पश्चिम व्हर्जिनियात 2002 मध्ये ह्यू केपर्टन या छोट्या खाणमालकाला मॅसी या बलाढ्य कोळसा कंपनीकडून 5 कोटी डॉलर भरपाई मिळावी असा ज्यूरीने निर्णय दिला. अपील राज्याच्या वरिष्ठ न्यायालयात जाणार हे ठाऊक असता, 2004 च्या निवडणुकीत मॅसीचे प्रमुख डॉन ब्लँकेनशिप यांनी त्या न्यायालयाचे विद्यमान न्यायाधीश वॉरन मॅकग्रॉ यांना पाडून ब्रेंट बेंजामिन यांना निवडून आणण्यासाठी सुमारे 30 लाख डॉलर ओतले, आणि ही रक्कम बेंजामिन यांच्या इतर सर्व समर्थकांच्या एकूण खर्चाहून अधिक होती. बेंजामिन निवडून आले, त्यांनी या प्रकरणातून बाजूला होण्यास नकार दिला, आणि 2007 मध्ये 3 विरुद्ध 2 मतांनी भरपाई रद्द झाली. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये 5 विरुद्ध 4 मतांनी सांगितले की, बेंजामिन यांनी या खटल्यात बसावयास नको होते. मग प्रकरण त्यांच्याविना पुन्हा चालले, आणि निकाल पुन्हा केपर्टन यांच्या विरुद्धच लागला! म्हणजे पहिला निकालही कदाचित प्रामाणिक असेल. परंतु त्या 30 लाख डॉलरांनंतर तसे मानण्याची सोय कोणालाच उरली नव्हती.

आता जमाखर्च मांडावा. निवडणुकीने काही चांगलेही केले: स्त्रियांना मताधिकार मिळून दोनच वर्षे झाली असता, 1922 मध्ये, ओहायोच्या मतदारांनी फ्लॉरेन्स ॲलन यांना राज्याच्या सर्वोच्च न्यायालयावर बसवले. तोवर कोणत्याही गव्हर्नराला असे धाडस सुचले नव्हते. उलट बाजूस, ह्यूबर आणि गॉर्डन या दोन अभ्यासकांनी पेनसिल्व्हेनियातील हजारो शिक्षा तपासून 2004 मध्ये दाखवून दिले की, मतदान जवळ येऊ लागले म्हणजे त्याच न्यायाधीशांच्या शिक्षा कठोर होत जातात. आज 50 पैकी 38 राज्यांत सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश कोणत्या ना कोणत्या प्रकारच्या मतदानाला सामोरे जातात. 2025 च्या एप्रिलमध्ये विस्कॉन्सिनच्या एका जागेवर सुमारे 10 कोटी डॉलर खर्च झाले.

या साऱ्या इतिहासात एक सूत्र दिसते. बर्नार्ड यांना ट्वीड यांची, हॉर्टन यांना अलाबामातील मतदारांची आणि बर्ड यांना कॅलिफोर्नियाच्या मतदारांची गरज पडली ती पदावर येण्यापेक्षा पदावर राहण्यासाठी अधिक; आणि न्यूयॉर्कने निवडणूक तशीच ठेवून केवळ मुदत लांबवली, तरी धाकट्या कार्डोझो यांच्यासारख्या पुरुषाला निर्भयपणे काम करण्यास जागा मिळाली. न्यायाधीशाला खुर्ची कोणी दिली हा प्रश्न गौण नाही; पण ती टिकवण्यासाठी त्याला पुन्हा कोणाच्या दारी जावे लागते, हा त्याहून मोठा प्रश्न आहे.

1913 च्या ज्या निवडणुकीत बेंजामिन कार्डोझो निवडून आले, ती झाली तेव्हा भीमराव आंबेडकर हे त्याच न्यूयॉर्क शहरी कोलंबिया विद्यापीठात नुकतेच दाखल झालेले विद्यार्थी होते. 24 मे 1949 रोजी संविधान सभेत न्यायाधीशांच्या नेमणुकीवर बोलताना त्यांनी इंग्लंडातील सरकारी नेमणूक आणि अमेरिकेच्या संघराज्यातील सेनेटची संमती हे दोन नमुने पुढे ठेवून त्यांमधला मार्ग सुचवला. घटकराज्यांतील निवडणुकीचा नमुना त्यांच्या विचारात आला नाही. नेमणुकीच्या पद्धतीवर आपल्याकडे आजही भांडण चालू आहे, पण सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला वयाच्या 65 व्या वर्षापर्यंत पुन्हा कोणाकडे मागणे मागावे लागू नये, ही संविधानाची तरतूद त्या भांडणापासून अलिप्त राहिली आहे. उलट मेक्सिकोने 1 जून 2025 रोजी आपले न्यायाधीश प्रथमच मतदानाने निवडले, तेव्हा जेमतेम 13 टक्के मतदार केंद्रांवर आले, आणि तेथील खालच्या न्यायाधीशांना 9 वर्षांनी पुन्हा लोकांपुढे उभे राहता येणार आहे. त्या देशाच्या प्रयोगाची खरी परीक्षा म्हणूनच झालेल्या मतदानात नाही. ती त्या दुसऱ्या निवडणुकीच्या आधीच्या वर्षांत, पदावर असलेले न्यायाधीश कसे निकाल देतात यावरून होईल.